चौकातला कॅमेरा

"बाई, चौकातला कॅमेरा वर्षभर बंद आहे. फुटेज कुठून देऊ?" काडीनं कान कोरत नगरपालिकेतला साहेब म्हणाला.

नगरपालिकेचीच कचरागाडी तारामतीच्या नवऱ्याच्या पायावरून गेली होती, आणि वर त्यालाच दारुडा ठरवून सगळे मोकळे झाले होते. तिला साहेबाची, त्याच्या त्या काडीचीही शिसारी आली.

भर दुपारी तिनं पिशवीभर कुजकी भाजी त्याच कॅमेऱ्याखाली ओतली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या मोठ्या पडद्यावर, कचरा टाकणाऱ्यांच्या फोटोंत, तिचा चेहरा झळकला. दंडासाठी साहेबानंच बोलावलं.

"भर चौकात घाण करता? लाज नाही वाटत?"

"वाटते की. दंडही भरते," ती म्हणाली. "फक्त एवढं सांगा, बंद कॅमेऱ्यानं मला टिपलं कसं?"

साहेबाची काडी कानातच राहिली.