सोळा पाकळ्या

शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५. सकाळचे साडेदहा. देवळाली प्रवरेच्या बाजारात धनश्रीच्या टेबलावर सहाशे राख्या मांडलेल्या होत्या, आणि त्यांतली एक राधाकृष्ण सरांनी व्हर्निअर कॅलिपरच्या जबड्यात धरली होती.

भोवती गर्दी जमली होती. यंदा परदेशी राखी कोणी घ्यायची नाही, असे गावातल्या नागरिक मंडळाने आदल्या रविवारी ठरवले होते. पण परदेशी कोणती हे ओळखायचे कोणी, असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा सरांकडे वळल्या. पॉलिटेक्निकची पदविका घेऊन त्यांनी उभी हयात तंत्रशाळेत मुलांना लेथ शिकवण्यात घालवली होती. सरांनी मोजले म्हणजे ते खरे, एवढा त्यांचा लौकिक होता.

"सर, तुमचा मोबाईल कुठला हो?" सुनील टेलरने मागून विचारले. हशा पिकला.

"तो घेऊन पाच वर्षं झाली. फेकून दिला तर नुकसान माझंच. प्रश्न उद्या काय घ्यायचं याचा आहे," सर शांतपणे म्हणाले.

"आवो, सुबक हायती की," राखी हातात घेऊन उभ्या असलेल्या गीताबाई म्हणाल्या. "कुठल्या का असंनात. नातीला आवडली, घेऊ द्या."

"तिथंच चुकतं, गीताबाई. सुबक दिसलं की आपण घेतो, आणि आपल्याच माणसांच्या पोटावर पाय देतो."

सरांनी दुसरी राखी मोजली, मग तिसरी, मग ढिगाच्या तळातून एक. रेशमी दोऱ्याचे फूल. पाकळ्या सोळा, व्यास बत्तीस मिलिमीटर. प्रत्येक वेळी तेच.

"हातानं केल्यात, सर," धनश्री म्हणाली. पहाटेच्या एसटीने ती एकटीच खोके घेऊन आली होती. "अकोले तालुक्यातल्या आमच्या बचत गटानं. आठ बायका आहोत."

"हाताचं काम इतकं सारखं येत नाही, बाई. कुठंतरी केसभर फरक राहतोच. हे यंत्रावरचं काम आहे. बाहेरचं."

एवढ्यावर ते थांबू शकले असते. पण गर्दी ऐकत होती, आणि निवृत्तीनंतर इतकी माणसे त्यांचे बोलणे ऐकायला प्रथमच उभी राहिली होती. त्यांनी आणखी एक वाक्य टाकले.

"अकोल्यात भात लावतात. असलं काम नव्हे."

या वेळचा हशा मोठा होता. धनश्री विस्कटलेल्या राख्या पुन्हा ओळीत लावू लागली. गीताबाईंनी राखी परत ठेवली. सरांनी कॅलिपर पुसला, खिशात टाकला आणि ते पुढच्या टेबलाकडे वळले. दुपारपर्यंत बातमी बाजारभर झाली. धनश्रीच्या टेबलाकडे नंतर कोणी फिरकलेच नाही.

शनिवारी राखीपौर्णिमा. बनुबाई, सरांची धाकटी बहीण, दरवर्षीप्रमाणे सकाळच्या एसटीने आली. तिला अकोले तालुक्यात दिलेली. तिने भावाला पाटावर बसवले, निरांजन लावले आणि त्याच्या मनगटावर राखी बांधली.

सरांची नजर राखीवर गेली. रेशमी दोऱ्याचे फूल. त्यांनी पाकळ्या मोजल्या नाहीत.

"वळखलंस का, दादा?" बनुबाई हसली. "तुझ्याच चकतीवर केलीय."

गेल्या दिवाळीत तिने एक गोल चकती मागितली होती, कडेला सारख्या अंतरावर खाचा पाडलेली. बहिणीने आपल्या हाताचे काहीतरी मागितले याचाच त्यांना आनंद झाला होता. तंत्रशाळेतल्या जुन्या विद्यार्थ्याच्या लेथवर त्यांनी स्वतः आठ चकत्या काढून दिल्या होत्या, सोळा खाचांच्या, एकीत आणि दुसरीत केसाचाही फरक नाही अशा. कशाला हव्यात, एवढे मात्र विचारायचे राहून गेले होते.

"खाचांतून दोरा फिरवायचा, मधी गाठ मारायची, की फूल तयार. आमच्या गटातल्या आठी जनींच्या अगदी सारख्या उतरत्यात बघ. मीच म्हनलं धनश्रीला, पहिला माल देवळालीला ने. माझ्या दादाचं गाव हाय, तिथं मानसं कामाची कदर करत्यात. अडलं तर राधाकृष्णदादाचं नाव सांग. पन पोरगी भिडस्त. नावच न्हाई सांगितलं तिनं." बनुबाईने निरांजनाची वात सारखी केली. "कुनीतरी शहाना आला म्हने, पट्टी लावून मोजलं अन् म्हनला बाहेरचं हाय. वर म्हनला, अकोल्यात भात लावत्यात. सगळं खोकं परत आलं. आता कोन घेतंय? पोरगी रात्री जेवली न्हाई."

"गटातल्या बायकांनी तरी घेतल्या असतील..." सर म्हणाले.

"त्या हात लावीनात. म्हनल्या, आमच्या भावांना बाजारात कुनी हसलं तर?" तिने ताम्हण उचलले. "मी म्हनलं, माझ्या दादाला कोन हसतंय? दादा, तू असतास तिथं, तर बोलला असतास ना त्याला?"

सरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. सदऱ्याच्या खिशातला कॅलिपर बरगडीला टोचत होता.

"होतो, बनू," ते म्हणाले. "मोजणारा मीच होतो."

ताम्हण हवेत थांबले. ज्योत हलली, पण विझली नाही. मग बनुबाईने मान खाली घातली आणि भावाकडे न पाहता त्याला ओवाळले, एकदा, दोनदा, तीनदा.

सहाशे राख्यांपैकी बांधली गेली एक.