नवंकोरं

निवृत्त स्टोअरकीपरने हौसेने कॅम्पर व्हॅन घेतली, पण बायकोला कशाचंच प्लास्टिक काढू दिलं नाही. सीटवर प्लास्टिक, गादीवर प्लास्टिक, शेगडीच्या पत्र्यावरसुद्धा प्लास्टिक. "राहू दे गं, नवं दिसतं."

सहलीच्या पहिल्याच सकाळी तिने चहा ठेवला आणि शेगडीवरच्या प्लास्टिकने पेट घेतला. बघता बघता पडदा पेटला, मग गादी. दोघं कशीबशी बाहेर पडली.

"अहो, आपल्या लग्नाचा फोटो आतच राहिला!" ती कळवळली.

नवऱ्याने कपाळावर हात मारला आणि तो पुन्हा धुरात घुसला.

"अहो, मरायचंय का!" ती घसा फोडून ओरडली, पण मनातून पार विरघळली. उभ्या संसारात एक शब्द गोड बोलला नाही मेला, आणि आज फोटोसाठी जिवावर उदार झालाय!

तो खोकत खोकत बाहेर आला. भुवया जळालेल्या, छातीशी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या बाळासारखं. तिने चादर उलगडली.

आत आग विझवायचं लाल सिलिंडर होतं.

"वाचलं गं," तो धापा टाकत म्हणाला, "सीलसुद्धा तुटलेलं नाही."