आतून कडी

भाड्याने आणलेला व्हिडिओ कॅमेरा स्टँडवर नीट बसला होता, तरी नलिनी तो तिसऱ्यांदा तपासत होती. संपात नोकरी गेलेल्या गिरणी कामगारांवर फिल्म करतेय, एवढंच सांगून ती घाटकोपरला हरेश्वरकाकांकडे आली होती. माइक धरायला धाकट्या बहिणीला, प्रेमाला, सोबत आणलं होतं. काका खुशीत तासभर गिरणीबद्दल बोलले.

वीस वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं, ते नलिनीने एकदाचं विचारलं.

"काका, आमच्याकडे राहायचात तेव्हा तुमची रात्रपाळी असली की दिवसा तुम्ही घरी असायचात. आई बाजारात गेली की दाराला आतून कडी का लावायचात?"

काकांचा चेहरा उतरला. नलिनीकडे न बघता ते प्रेमाला म्हणाले, "तू सांगितलंस हिका?"

नलिनी तर स्वतःबद्दल विचारत होती.

नलिनी कॅमेरा बंद करायला धावली.

"राहू दे चालू," प्रेमा म्हणाली. माइक नलिनीच्या हातात देऊन ती काकांच्या समोर बसली. "ताई, आता मला विचार."