एकच वाक्य

जाळीपलीकडच्या स्टुलावर तो येऊन बसला आणि पहिलं काय विचारलं, तर, "घरचा नळ गळतोय का अजून?"

ती हसली. "बादली लावलीये खाली."

"वॉशर गेला असेल. दोन मिनिटांचं काम." तो प्लंबर होता. तुरुंगात आल्यापासून इथले बहुतेक नळ त्यानेच दुरुस्त केले होते. "मोठे साहेब म्हणतात, तुला सोडलं तर आमच्या पाण्याचं काय होईल?"

"मग कसले सोडतायत!" ती म्हणाली.

घरात माणसं जमवून ख्रिस्ताची प्रार्थना केली, हा त्याचा गुन्हा. सुटका मात्र अगदी सोपी होती. मोठ्या साहेबांसमोर उभं राहून एकच वाक्य बोलायचं : मी ख्रिस्ताला मानत नाही. त्याच्याबरोबर धरलेले दोघं ते बोलून केव्हाच घरी गेले होते. त्यातल्या एकाने परवा बाजारात तिला पाहून रस्ता बदलला.

तो फार वाळला होता. मनगटाची हाडं वर आली होती. जाळीतून बोट जात नव्हतं, म्हणून तिने तळहात नुसता टेकवला. त्यानेही पलीकडून टेकवला. लोखंडच तेवढं हाताला लागलं.

"पोर कशी आहे?"

"खाते, खेळते. हल्ली दाढीवाला कुणी दिसला की बाबा म्हणते. काल पोस्टमनला म्हणाली. तो बिचारा लाजून चूर."

तो हसायला गेला, पण हसू काही धड जमलं नाही.

आत एकालाच सोडत. सासूबाई बाहेर बाकावर बसून होत्या. त्यांनी सकाळपासून सुनेला पढवून पाठवलं होतं. पहारेकरी घड्याळाकडे बघू लागला, तेव्हा तिने धीर केला.

"अहो, आई म्हणतात, तोंडाने बोलल्याने काय होतं? मनात ठेवा. देवाला मनातलं कळतं."

तो जमिनीकडे बघत राहिला. "आईचं झालं. तू काय म्हणतेस?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तू म्हण," त्याचा आवाज खाली आला. "खरं सांगू? मी थकलोय गं. प्रार्थनेला बसतो तर शब्द येत नाहीत. ऐकणारा आहे की नाही, असंही वाटतं कधी कधी. तू एकदा म्हण, आत्ता उठून साहेबांकडे जातो. जेवायला घरी असेन."

जेवायला घरी. तिला तो दारात चपला काढताना दिसला, ओले हात पँटला पुसताना, पोरीला उचलून घेताना. अंथरुणातली त्याची बाजू ती अजून रोज झटकून ठेवत होती. फार काही बोलायचं नव्हतं. नुसतं 'या' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तहानलेला माणूस भांड्याकडे बघतो तसा तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आणि तिला कळलं, आपण म्हटलं तर हा येईल, जेवेल, पोरीला खेळवेल, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहील. जन्मभर.

"रोज संध्याकाळी मी पोरीला घेऊन प्रार्थनेला बसते," ती म्हणाली. "मला तरी कुठे शब्द सुचतात? तुमचं नाव घेते आणि आमेन म्हणते. तुम्हीही त्याच वेळी बसा. शब्द नाही आले तर नाही आले."

"म्हणजे?"

"म्हणजे, माझ्याच्याने 'या' म्हणवत नाही."

त्याने कपाळ जाळीला टेकवलं. खांदे हलत राहिले. मान वर केली तेव्हा चेहरा ओला होता, पण मघाचा ताण गेला होता.

"म्हणाली असतीस ना, तर गेलो असतो मी."

"माहीत आहे मला."

पहारेकऱ्याने किल्ल्या वाजवल्या.

ती बाहेर आली तशा सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "बोललीस?"

"बोलले."

"मग?"

"ते तयार होते, आई. मीच येऊ दिलं नाही."

सासूबाईंचा हात वर गेला. ती हलली नाही. तो हात हवेतच थांबला आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडावर गेला. तसंच तोंड दाबून त्या बाकावर बसून राहिल्या, बराच वेळ. ती शेजारी बसली.

मग सासूबाई डोळे पुसून उठल्या आणि फाटकाजवळच्या खिडकीशी गेल्या.

"दादा," त्यांनी आतल्या शिपायाला विचारलं, "थंडीत आत स्वेटर चालतो का?"