सर्दीची गोळी

दूध काढायचा पंप मघापासून घरघरत होता आणि बाटलीचा तळसुद्धा ओला होत नव्हता. परवा हीच बाटली तिनं गळ्यापर्यंत भरून दिली होती.

बाळ दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं, पलीकडच्या खोलीत काचेच्या पेटीत. वरचं दूध देऊन पाहिलं तर त्याचं पोट फुगलं. मग तिलाच फ्लू झाला आणि त्या खोलीचं दार तिला बंद झालं. तिचं दूध तेवढं आत जायचं. तिचं आईपण सध्या तेवढंच.

"काही औषध घेताय का?" सिस्टरनं विचारलं.

"मी देते ना," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा डॉक्टरांपेक्षा स्वतःच्या पर्सवर भरवसा जास्त. पर्समधून त्यांनी सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढली. बरीचशी रिकामी झालेली. "आमच्याकडे सगळ्यांना हीच लागू पडते. बघा, नाक कसं खडखडीत झालंय. एक-दोन दिवसांत लेकाला भेटेल ती."

ते खरंच होतं. नाक वाहायचं थांबलं होतं. तोंडाला कोरड पडायची, बसल्या जागी डोळे मिटायचे, पण ते तिनं आनंदानं सोसलं. तिला लवकर बरं व्हायचं होतं.

सिस्टरनं पट्टी उलटी करून वाचली आणि खुर्ची ओढून बसली. सिस्टर बसली की बातमी बरी नसते, हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक होतं.

"या गोळीनं दूध आटतं."

"अहो, नाकाची गोळी आहे ती," सासूबाई म्हणाल्या.

"नाक कुठलं आणि दूध कुठलं, गोळीला काय कळतंय, आजी?"

"परत येईल ना?" सुनेनं विचारलं.

"गोळ्या आजपासून बंद. पंप लावत राहा. येतं पुष्कळदा." सिस्टरनं पट्टी स्वतःच्या खिशात टाकली. "वेळ लागतो."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. सासूबाईंवर ओरडावं असं तिला फार वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तेही जमेना. शिवाय गोळीची वेळ झाली की हात तीच पुढे करत होती.

पलीकडून रडणं ऐकू आलं. बारीक आवाज, पण थांबेना. तिघीही ऐकत राहिल्या.

"तुमचाच," सिस्टर म्हणाली. "कालपर्यंत रडायचंही बळ नव्हतं त्याला. आज पहिल्यांदा दूध मागतोय."