ठिणग्या राखणारी

मालसुनने मध्येच हात थांबवला. वेल्डिंगचा जोड अजून वीतभर उरला होता आणि परीक्षेची दोनच मिनिटं बाकी होती.

"पुन्हा थांबल्या!" दाराशी उभे असलेले मुकादम प्यो ओरडले. "अहो काकू, ओढा की पुढे! मागच्या दोन्ही खेपांना हेच केलंत."

तिने तोंडावरची काच वर केली. जोडावर एका जागी खडूने गोल काढला आणि तेवढा भाग घासून काढायला घासयंत्राकडे हात नेला. तेवढ्यात घंटा झाली.

कोरियातल्या कोजे बेटावरच्या त्या जहाजाच्या कारखान्यात ती तीन वर्षं ठिणग्या राखत होती. वेल्डरने जोड करायचा, हिने पाण्याची बादली घेऊन शेजारी बसायचं, ठिणगी भलतीकडे उडाली की विझवायची. हाताला काम थोडं, डोळ्यांना आणि कानांना फार. जहाज पुढच्या महिन्यात समुद्रात जाणार होतं. मग राखणाऱ्या बायकांना घरी पाठवणार, वेल्डर तेवढे राहणार. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी ती वेल्डिंग शिकायला लागली. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत एका हाताने किंबाप, भाताची गुंडाळी, तोंडात कोंबायची आणि भंगारातले तुकडे जोडत बसायची. सोबतिणी म्हणायच्या, "भुवया जाळून घेतल्यास गं, आता नवरा ओळखेल का?" तीही हसायची. परीक्षेला बसायच्या संधी मात्र तीनच होत्या. ही तिसरी.

परीक्षक नामगुंग तिने जोडलेल्या लोखंडी पट्टीजवळ आले. वाकून त्यांनी खडूच्या गोलाकडे बराच वेळ पाहिलं.

"इथं तर काहीच दिसत नाही. जोड उत्तम आहे."

"दिसणार नाही साहेब. आत आहे. आवाज बदलला."

"कसला आवाज?"

"तव्यावर बांगडा कसा एकसारखा चुरचुरतो, जोड चांगला पडत असला की तसा आवाज येतो. आत्ता मध्येच चट् झालं. आत हवा राहिली."

मुकादमांना हसू आवरेना. "नापास व्हायची ही नवीनच तऱ्हा बघतोय!"

नामगुंग हसले नाहीत. "दुपारी अजून पाच जणांची परीक्षा आहे," ते म्हणाले. "तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहा. आवाज बदलला की हात वर करा. जागा मी टिपून घेतो."

मालसुन उभी राहिली. पाचही जण चांगले तयार, हात सफाईदार. त्यांच्या मागे काच लावून ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती. दुपारभरात तिने चार वेळा हात वर केला. दर वेळी नामगुंग जागा टिपायला पुढे आले की समोरचा माणूस चिडून वळून बघायचा, मग पुढे चालू करायचा. त्याला तरी काय कळणार, जोड वरून आरशासारखा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पट्ट्यांचे एक्स-रे उजेडाच्या काचेवर लावले. मालसुनच्या पट्टीत, खडूच्या गोलाच्या बरोबर मधे, तिळाएवढा काळा ठिपका होता. बाकीच्या पट्ट्यांत मिळून पाच ठिपके निघाले. चार तिथेच, जिथे तिने हात वर केला होता.

मुकादम प्योंनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. "बावीस वर्षं जोड करतोय," ते हळूच म्हणाले. "मला नाही हो ऐकू येत."

नामगुंगनी कागदावर सही केली. "वेल्डर म्हणून तुम्ही नापास. जोड पुरा झाला नाही, नियम म्हणजे नियम."

मालसुनने मान हलवली आणि हातमोजे घडी करून पिशवीत टाकले.

"ऐकून तर घ्या. सोमवारपासून तपासणी विभागात या. तिथल्याही परीक्षा द्याव्या लागतील, पण त्या मी शिकवीन. जहाज गेलं तरी तो विभाग राहतो. ह्या सगळ्यांचे जोड पास की नापास, ते तुम्ही सांगायचं."

मालसुन उजेडाच्या काचेकडे तोंड करून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असावं असं मुकादमांना वाटलं. त्यांनी नजर बाजूला घेतली.

तिने बोट काचेवर टेकवलं.

"येते साहेब सोमवारी. पण हा पाचवा ठिपका मला ऐकूच आला नाही. तो कसा निसटला, तेवढं आजच सांगा."