गेटिसबर्ग, १८६४

हेमलता रायकरांच्या नावापुढचा आकडा लाल झाला होता: ४९९. ऑनलाइन वादमंचाचा नियम सगळ्यांना ठाऊक होता. ओळीने पाचशे संदेश एकाही चुकीविना लिहिणारा माणूस नसतो, यंत्र असते; त्याचे खाते कायमचे बंद.

रायकरबाई लष्करी इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. चुकीचे साल लिहायला त्यांचा हातच धजत नसे. अमेरिकी सैन्याने मारण्याचा निर्णय यंत्रांवर सोपवावा की नाही, यावर शिकागोच्या तुंगारेंशी त्या सहा वर्षे भांडत होत्या.

"काय बाई, घाम फुटला? की यंत्रांना घाम येत नाही?" तुंगारेंनी लिहिले.

बाईंनी त्यांच्या नावापुढे पाहिले. तिथेही आता ४९९ होते. मग दात आवळून त्यांनी लिहिले, "१८६४ साली गेटिसबर्गच्या लढाईत माणसांनीच माणसे मारली. तिथे कुठले यंत्र होते?"

त्यांचा आकडा शून्यावर आला.

अकरा सेकंदांत उत्तर आले. "१८६३! आणि म्हणे प्राध्यापिका! विद्यार्थ्यांची कीव येते."

लगेच तुंगारेंचे नाव राखाडी झाले. खाली ओळ उमटली: खाते बंद.

बाईंनी तिच्याखाली शेरा दिला, "बरोबर. पाचशेपैकी पाचशे."